सहा आकडे

॥ श्री ॥

देवगड,
१२ एप्रिल २०२५

ती. सौ. सावीबाय हिस,
दीपाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे खुशाल आहेत. सर्वेश बागेत, मी पेट्यांमध्ये. आंब्याच्या दिवसांत आम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो हे तुला ठाऊकच आहे. तरी हाताने लिहायला बसले, कारण फोनवरून आलेलं माझं काही खरं धरू नकोस असं तुला सांगायचंय आणि ते फोनवरूनच कसं सांगणार?

माझं पेज चोरीला गेलं, बाय. मंगळवारी दुपारी आंब्यांची एक गाडी भरून झाली आणि मी फोन उघडला, तर मला आतच घेईना. पासवर्ड चुकीचा म्हणे. संध्याकाळी नणंदेचा फोन, दीपा, तुझ्या पेजवर ह्या काय घाण लागलीहा? जुगाराच्या जाहिराती, नको त्या बायकांचे फोटो आणि वर माझं हसणारं तोंड. माझ्या नावाने लोकांना मेसेज जातायत, मी अडचणीत आहे, मदत करा. काल देवळात दोघींनी माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला. त्यांना मी काय काय समजावून सांगू?

लोक काय म्हणतील ते म्हणू देत. माझा जीव अडकलाय तो आईच्या व्हिडिओंत. आईबरोबरचे अकरा व्हिडिओ त्या पेजवर आहेत आणि दुसरीकडे कुठेच नाहीत. ज्या फोनवर ते काढले तो जेटीवरून खाडीत गेला, तुला आठवत असेल. आई गेल्यावर मी रोज सकाळी त्यातला एक तरी लावायची. आता चार दिवस घर मुकं आहे.

एक विचारायचं होतं. पेज आपण तुझ्या खळ्यात तुझ्या फोनवर उघडलं होतं, म्हणून त्याला अजून तुझाच नंबर लावलेला आहे. तुला एखादा सहा आकड्यांचा मेसेज आला होता का? कुणाचा फोन? नीट आठवून कळव.

भावोजींना नमस्कार. तुझ्या सासूबाईंची पाठ कशी आहे? काजूच्या चिकाने हात भाजून घेऊ नकोस, खोबरेल लाव. तुझा जीव माझ्यावर आहे तसाच असू दे.

तुझी,
दीपा


॥ श्री ॥

मसुरे,
१६ एप्रिल २०२५

चि. सौ. दीपा हिस,
सावीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. वाचून वाईट वाटलं. सासूबाईंची पाठ तशीच. अंथरुणातून उठवताना यांना बोलवावं लागतं. काजू यंदा मध्यम. बोंडू पक्ष्यांनी खाल्ले, बिया आम्ही वेचल्या.

मला त्या फोनमधलं काय कळतंय? मेसेज येतात नि जातात, मी बघत नाही. रेंज आमच्याकडे खळ्याच्या एका कोपऱ्यात, तिथे जाऊन उभं राहायला मला सवड कुठे असते? तुझ्यासारखं दिवसभर हातात धरून बसायचं आमच्या नशिबी नाही. रागावू नकोस, गंमत केली.

आता विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. तुझा तो कोंब्याचा व्हिडिओ मी बघितला. पाहुणे आत्याला बघायला आलेले, जेवणासाठी कापायचा कोंबो तू माळ्यावर डालग्याखाली लपवलास, तो ऐन चहाच्या वेळी आरवला, आणि आईने पाहुण्यांना तोंड न हलवता सांगितलं की आमचो कोंबो कालच मेलो, ह्यो तेचो समंध आरवता. छान सांगितलंस. लोक हसून हसून मेले म्हणे. पण दीपा, तेव्हा तू चार वर्षांची होतीस आणि आत्याच्या मांडीवर झोपली होतीस. कोंबो मी लपवला होता. चाबकासारखी ओली शिरपुटी माझ्या पायांवर बसली होती.

असो. एवढ्या गोष्टी तुला सुचतात, त्यातली एक माझी गेली तर काय झालं?

आईचे व्हिडिओ दुसरीकडे कुठेच नाहीत, हे खरंच का? कुणाच्या तरी फोनमध्ये असतील. नीट शोध. मला ते माहीत नव्हतं.

सर्वेशरावांना आशीर्वाद. उन्हाची जपून राहा आणि या थोरलीला विसरू नकोस.

तुझी,
सावी


॥ श्री ॥

देवगड,
२२ एप्रिल २०२५

ती. सौ. सावीबाय हिस,
दीपाचा शि. सा. न. वि. वि.

परवा तळेऱ्याला गाडी बदलून ओरसला जाऊन आले. सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. तिथला अधिकारी आपल्या कुडाळकडचाच निघाला. आधी कचेरीतलं मराठी बोलत होता, आपल्या माहेरच्या पिंगुळीचं नाव काढल्यावर मालवणीवर आला. त्याने सगळं विचारून घेतलं आणि मग सांगितलं की चोराने काही फोडलं नाही, आपणच दार उघडून दिलं. आठ तारखेला सकाळी अकरा वीसला पासवर्ड बदलायचा कोड गेला आणि दोन मिनिटांत तो कुणीतरी वापरला. कोड गेला तो तुझ्या नंबरवर.

बाय, मी तिथे तुझं नाव सांगितलं नाही. म्हटलं, जुना नंबर आहे, बघते. आता तूच सांग. भावोजींनी तर उचलला नव्हता ना फोन? ते भोळे आहेत, त्यांना कुणी बँकेचा साहेब म्हणून गुंडाळलं असेल. तसं असेल तर त्यांना बोलू नकोस.

कोंब्याबद्दल लिहिलंस ते मी तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, तिसऱ्यांदा राग आला. होय, कोंबो तूच लपवलास. मी ‘मी’ म्हटलं कारण ‘माझी बहीण’ म्हटलं की लोक विचारतात, ती बहीण कुठे आहे, ती का दिसत नाही? त्याला मी काय उत्तर देऊ? पेजचं नाव आपण दोघींवरून ‘दोन चेडवां’ ठेवलं होतं. तीन व्हिडिओ करून तू उठून गेलीस. वर्षभर मी ते नाव तसंच ठेवलं आणि मग ‘पडवीतली दीपा’ केलं, कारण दुसरं चेडू आलंच नाही.

आणि तुला काय वाटतं, आईला घेऊन बसायचे तेव्हा मला सुख होतं? तीन वर्षं ती माझ्या घरी होती. तिला जेवू घालायचे मी, न्हाऊ घालायचे मी, आणि कॅमेरा लावला की ती त्याच्या पाठी बघून विचारायची, सावी खंय आसा? सावी असती तर ह्या बरा सांगला असता. अकराही वेळा. तेवढं मी कापून टाकायची. तुला हे कधी सांगणार नव्हते.

तेव्हा आता हिशेब न करता तू मला फक्त त्या फोनचं कळव. बाकी सगळं आपण पोटात घालू.

भावोजींना आणि सासूबाईंना नमस्कार. उत्तराला उशीर नको.

तुझी,
दीपा


॥ श्री ॥

मसुरे,
२७ एप्रिल २०२५

चि. सौ. दीपा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

यांनी फोन उचलला नव्हता. हे त्या वेळी बागेतल्या मांगरात होते. फोन मी उचलला. कोड मी सांगितला.

आता नीट लिहिते. वाचून होईपर्यंत फाडू नकोस.

आठ तारखेला सकाळी मी बाबलीच्या दुकानात मीठ आणायला गेले होते. तिथे चारपाच बायका तिच्या फोनवर तुझा कोंबो बघत होत्या. बाबली मला म्हणाली, तुझ्या भयणीक काय काय सुचता गो, तू मातर अशी मुकी कशी? सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी आले, बोंडू पिळायला बसले, आणि हसू तोंडावर तसंच चिकटून राहिलं होतं, निघेना. दीपा, मी तीन वर्षं तुझ्यावर जळते आहे. तुझ्या साड्यांवर नाही, तुला हॉटेलवाले बोलावतात त्यावरही नाही. तू तोंड उघडतेस आणि माझ्या तोंडातलं बाहेर पडतं, त्यावर. आई तुझ्याकडे राहिली, त्यावर. व्हिडिओंत यायला मला कुणी अडवलं नव्हतं, हे तुला माहीत नाही. तू समजतेस यांनी बंद केलं. मुंबईहून यांच्या चुलत्याचा फोन आला होता, सून मोबाईलवर तोंड दाखवता म्हणून, तेव्हा हे एवढंच म्हणाले की तुका बरा वाटता तर कर. मीच घाबरले. मग इतकी वर्षं यांच्यावर ढकलत आले. तेच सोपं पडलं.

तर त्या दिवशी फोन आला. माणूस शुद्ध मराठी बोलत होता. मला मॅडम म्हणाला. म्हणाला, आमच्याकडे हे पेज तुमच्या नंबरवर दिसतंय, याच्या मूळ मालक तुम्हीच का? मी होय म्हटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कुणी ते विचारलं होतं. मग तो म्हणाला, तुमच्या पेजला खरेपणाची निळी खूण द्यायची आहे, आता सहा आकडे येतील ते वाचून दाखवा. आकडे आले. खाली लिहिलं होतं, हे कुणालाही सांगू नका. मी ते वाचलं. ग्रामपंचायतीत बचत गटाला बँकेतून आलेल्या बाईने हेच दोनदा सांगितलं होतं, ते मला आठवलंसुद्धा. मी आकडे लगेच सांगितले नाहीत. तेव्हा तो म्हणाला, तुम्हाला जमत नसेल तर मी तुमच्या बहिणीला विचारतो.

तेवढं त्याने म्हटलं आणि मी आकडे सांगून मोकळी झाले.

मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पुरतं कळलं नव्हतं, पण मनात आलं होतं की याने काही बिघडणार असेल तर बिघडू दे, चार दिवस बंद पडू दे तिची पडवी. आईचे व्हिडिओ तिथे एकुलते आहेत हे ठाऊक असतं तर मी जीभ चावली असती. पण ते ठाऊक नव्हतं ही माझी सुटका नाही. तुला पहिल्या पत्राला मी खोटं लिहिलं, हे त्याहून वाईट.

पोलिसांना माझं नाव सांग. गरज पडली तर ओरसला मी येते.

यांना मी काल सांगितलं. हे रागावले नाहीत, फक्त उठून गुरं सोडायला गेले आणि नेहमीपेक्षा उशिरा आले.

आशीर्वाद देण्याचा हक्क उरला असेल तर तो घे.

सावी


देवगड,
२१ मे २०२५

सौ. सावित्री गुरुदास परब यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. आंब्याचे दिवस असल्याने उत्तराला विलंब झाला, असं लिहिणार होते. तसं काही नव्हतं. लिहायला हात उठत नव्हता.

पेज नऊ मेला परत मिळालं. ओरसच्या अधिकाऱ्याने आणि इथल्या निलेशने, त्याचं एस.टी. स्टँडपाशी कॉम्प्युटरचं दुकान आहे, मिळून कागदपत्रं पाठवली. चोराने जाहिरातींना जागा करायला जुने व्हिडिओ उडवले होते. आईचे अकरांपैकी चार राहिले. सात गेले. परत आणता येत नाहीत असं उत्तर आलं.

कोणते गेले ते लिहीत नाही. तू बघितले असतील की नाही तेही मला माहीत नाही.

निलेशने आता पेजला दुहेरी कुलूप घातलं आहे. आधी पासवर्ड, तो मी नवा केला, कुणाच्या वाढदिवसाचा नाही. त्यानंतर दुसरा कोड, आणि तो मेसेजने येत नाही, माझ्या फोनमधल्या एका अ‍ॅपमध्ये दर अर्ध्या मिनिटाला बदलत राहतो. म्हणजे उद्या पासवर्ड कुणाच्या हाती लागला तरी माझा फोन हातात असल्याशिवाय आत येता येणार नाही. फोनच हरवला तर म्हणून दहा कोड कागदावर लिहून घेतले, ते कपाटात आहेत. त्यातला एकेक एकदाच चालतो. हे सगळं करायला वीस मिनिटं लागली. तीन वर्षांत मला वीस मिनिटं मिळाली नव्हती, ही माझी चूक. तुझा जुना नंबर काढायलाही मला कधी सुचलं नव्हतं.

आता काढला. निलेशने विचारलं, बहिणीचा नंबर ठेवायचा का, दुसऱ्या कुणाचा तरी असलेला बरा असतो. मी नको म्हटलं. तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं असतं की सुरक्षेसाठी काढला. रागाने काढला.

पोलिसांना सांगितलं की घरातल्या एका बाईला फसवलं. त्यांनी नाव लिहून घेतलं, तुला बहुधा बोलावणार नाहीत.

इथे येऊ नकोस. मी बोलावीन तेव्हा ये.

दीपिका


॥ श्री ॥

मसुरे,
३ जून २०२५

चि. सौ. दीपा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

येत नाही. तू बोलावशील तेव्हाच.

तू विचारलंस की ते व्हिडिओ मी बघितले असतील की नाही. दीपा, ते मी जितके बघितले तितके तूही बघितले नसतील. सासूबाई निजल्या, गुरं पाण्यावर गेली की मी खळ्याच्या त्या कोपऱ्यात उभी राहायची. आई तुझ्या पडवीत बसलेली, तुझी साडी नेसलेली, तुझ्या हातचा चहा घेते आहे, हे बघून मला आतून चावे बसायचे, आणि तरी मी पुन्हा लावायची. चांगलं वाटावं म्हणून नाही. कुठे चुकतेस ते बघायला. मत्सराने माणूस काय पाठ करतो बघ.

तुझ्या पेजवर जाऊन उरलेले चार कोणते ते बघितलं. म्हणजे गेलेले सात मला कळले. सोबत वही पाठवते आहे. सातही लिहून काढलेत. आई काय म्हणाली, तू काय विचारलंस, कुठे ती थांबली, कुठे तिने तपकिरीची डबी शोधली. घावन्यांच्या व्हिडिओत ती म्हणते, तवो तापलो काय तो आपणच सांगता, तुमी इचारू नुको, तिथे मागून सर्वेशरावांची मोटारसायकल आली आणि ती रागावली, तेही लिहिलंय. बाबा वारले त्या वर्षीच्या पावसाचं बोलताना ती सहा शब्द बोलून गप्प झाली. ते सहा शब्द तसेच आहेत, पुढे मी काही घातलेलं नाही. पडताळून बघ. एखादा शब्द चुकला असेल, पण फार नसतील.

याने सात व्हिडिओ परत येत नाहीत. मला माहीत आहे.

दुसरी गोष्ट. मी माझं पेज उघडलं. यांना सांगून उघडलं. मसुऱ्यात सिद्धेश म्हणून मोबाईलवाला आहे, त्याला म्हटलं, तू बटणं दाबू नको, मला दाखव, मी दाबते. पासवर्ड मी केला, तुझ्यासारखं अ‍ॅप घेतलं, दहा कोड लिहून देव्हाऱ्याच्या खणात ठेवले. तो म्हणाला, अजून एक नंबर द्या मावशी, खातं अडकलं तर ज्याच्यावर विश्वास असेल त्याचा. मी तुझा नंबर सांगितला. हे कर्ते आहेत, रोज समोर असतात, तरी तुझाच सांगितला.

पण नंबर पक्का करायला तुझ्या फोनवर सहा आकडे येतात आणि ते दहा मिनिटांत शिळे होतात. पत्राने कळवून चालत नाही. म्हणून असं ठरवलंय. या रविवारी, आठ तारखेला, सकाळी अकरा वाजता मी बटण दाबणार. तुझ्याकडे आकडे येतील. सांगावेसे वाटले तर फोन कर. नाही वाटले तर सांगू नकोस, मला राग येणार नाही. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा दाबीन. त्याच्याही पुढच्या.

पावसाची तयारी झाली. भाताचा तरवा चांगला आलाय. सासूबाई तुझी आठवण काढतात.

तुझा लोभ मागत नाही, माझा तुझ्यापाशी ठेवून घे.

तुझी,
सावी


॥ श्री ॥

देवगड,
१७ जून २०२५

ती. सौ. सावीबाय हिस,
दीपाचा शि. सा. न. वि. वि.

आठ तारखेला आकडे आले. अकरा वाजून दोन मिनिटांनी. मी फोन हातात घेऊन पडवीत बसले होते, आणि नाही केला. मुद्दाम नाही केला. तू तिथे कोपऱ्यात उभी असशील, पाऊस असेल, हे डोळ्यांपुढे आलं, तरी नाही केला. दहा मिनिटं होऊन गेल्यावर मला वाटलं होतं बरं वाटेल. वाटलं नाही.

मग तुझी वही घेऊन बसले. आठवडाभर वाचली. सात व्हिडिओंत दोन शब्द चुकलेत. बाकी सगळं बरोबर आहे, आईचा खोकलासुद्धा. पण बाय, तू एक गोष्ट लिहिली नाहीस, कारण ती तुला कधी ऐकूच आली नाही. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी ती तुझ्याबद्दल विचारायची ते मी कापलं होतं. वहीत सातही ठिकाणी मी ते माझ्या हाताने लिहिलं आहे. वही परत पाठवते, बघ.

परवा, पंधरा तारखेला, मी फोन केला. आकड्यांपलीकडे आपण काहीच बोललो नाही, तुला वाटलं असेल मी अजून फुगलेली आहे. तसं नव्हतं. मी आकडे सांगितले आणि तू एकेक आकडा परत म्हणून दाखवलास. दीपा, तीन. दीपा, नऊ. शेवटचा आकडा झाला आणि मी फोन ठेवून दिला. तो आईचा आवाज होता. तुझा आवाज वयाबरोबर आईचा झालाय, आणि मला हे दोन वर्षांपासून माहीत आहे. म्हणूनच मी फोनवर तुझ्याशी लवकर आटपायची, म्हणूनच तुला परत व्हिडिओत ये म्हणून कधी नीट बोलावलं नाही. मी तिला सांभाळली आणि आवाज तुझ्याकडे गेला. तू एकटीच जळत नव्हतीस.

माझ्या पेजला तुझा नंबर अजून लावलेला नाही. लावावा असं वाटतं, आणि हात तिथपर्यंत जाऊन परत येतो. खोटं कशाला लिहू? लावीन तेव्हा कळवीन.

तोवर एक कर. ती वही मोठ्याने वाच आणि तुझ्या पेजवर टाक. माझ्या नको, तुझ्या. कोंब्याचीही तूच सांग, पायांवरच्या शिरपुटीसकट, आणि सांग की ते चेडू तूच होतीस. लोक मला विचारतील तेव्हा मी होय म्हणेन. रविवारी अकरा वाजता लाव. आंबे संपले आहेत, मी पडवीत मोकळीच असते.

भावोजींना, सासूबाईंना नमस्कार. आता तू लिहू नकोस. वाच. मी आयकतंय.

तुझी,
दीपा